जेफरसन कुणाच्या बाजूचा?

पत्र : आम्ही बारा वर्षांपासून व्हर्जिनियात राहतो. माझे सासरे साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. मुलगा आठवीत आहे. त्याची शाळेची सहल मॉन्टिसेलोला, म्हणजे थॉमस जेफरसनच्या घरी गेली होती आणि आता त्याला जेफरसन आणि धर्म या विषयावर प्रकल्प करायचा आहे. विश्वाच्या कणाकणात योजना दिसते असं जेफरसनने लिहून ठेवलंय, हे बाबांच्या वाचनात आलं. ते नातवाला म्हणाले, "बघ, तुमचा राष्ट्राध्यक्षच सांगतोय की कुणीतरी कर्ता आहे. तुझा तो डार्विन खोटा." मुलगा म्हणाला, "आजोबा, त्याने बायबल ब्लेडने कापलं होतं. तो नास्तिक होता, माझ्यासारखा." त्या 'माझ्यासारखा'नंतर घर गप्प झालंय. बाबा आता संध्याकाळी त्याला रामरक्षेला हाक मारत नाहीत. हे म्हणतात, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, तू विषय सोड. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. औषधाला पुरून उरणारे जंतू रोज बघते, त्यामुळे उत्क्रांती मला नाकारता येत नाही. आणि सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय घरातून पाऊल बाहेर पडत नाही. मुलाने प्रकल्पात काय लिहावं? बाबांना मी काय सांगू? आणि मी स्वतः दुटप्पी आहे का?

उत्तर :

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटलं नाही. दोघेही बरोबर आहेत असं म्हटलं की घरातला आवाज खाली येतो, पण इथे ते खरं नाही. आजोबांनी जेफरसनचं अर्धं पत्र वाचलंय आणि नातवाने त्याच माणसाची दुसरी अर्धी बाजू उचललीय. दोघांनी मिळून एक अख्खा माणूस मधोमध फाडलाय. तो आधी जोडून घेऊ, मग तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

बाबांनी वाचलेलं वाक्य ११ एप्रिल १८२३ च्या पत्रातलं आहे. जेफरसनचा ८०वा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. पत्र जॉन ॲडम्सला लिहिलेलं, म्हणजे त्याच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षाला. १८०० च्या निवडणुकीत दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते, नंतर कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, आणि म्हातारपणी दोघांनी पुन्हा पत्रं सुरू केली. या पत्रात जेफरसन म्हणतो की, कोणत्याही ईश्वरी साक्षात्काराचा आधार न घेता, नुसतं विश्वाकडे पाहिलं तरी त्याच्या प्रत्येक अणूत योजना, परिपूर्ण कौशल्य आणि अमर्याद शक्ती आहे अशी खात्री माणसाच्या मनाला वाटल्याशिवाय राहत नाही. मग तो उदाहरणं देत जातो. अपकेंद्री आणि अभिकेंद्री बलांच्या तोलावर आपापल्या मार्गाने फिरणारे ग्रह, जमीन, पाणी आणि हवा यांची वाटणी, आणि किडे, जे जिवाचे नुसते कण असूनही माणसाइतके किंवा हत्तीसारख्या अवाढव्य मॅमथइतके नीट घडलेले आहेत. वाचताना म्हाताऱ्याचा हात भराभर चालत असणार असं वाटतं, इतकं ते उत्कट आहे. बाबांना ते भिडलं याचं मला जराही नवल वाटत नाही.

पण त्याच वाक्यातले "साक्षात्काराचा आधार न घेता" हे शब्द बाबांकडून सुटले. आणि त्याच पत्रात, काही परिच्छेद पुढे, जेफरसन लिहितो की येशूचा कुमारिकेच्या पोटी जन्म ही गोष्ट, रोमन पुराणातल्या ज्युपिटर देवाच्या डोक्यातून मिनर्व्हा देवी जन्मल्याच्या कथेच्या रांगेत जाऊन बसेल असा दिवस येईल. त्याच शाईने, त्याच बैठकीत लिहिलेलं. ज्या माणसाला कणाकणात कर्ता दिसत होता, त्यालाच पोथीतला चमत्कार मान्य नव्हता. त्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. चमत्कार म्हणजे नियम मोडणं, आणि त्याचा देव तर नियमांमध्येच होता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही त्याने 'निसर्गाचे नियम आणि निसर्गाचा देव' असे शब्द जोडीनेच वापरले आहेत.

आता तुमच्या मुलाचा 'नास्तिक'. हा शब्द त्याने नकळत जेफरसनच्या शत्रूंकडून उसना घेतलाय. १८०० च्या निवडणुकीत धर्मोपदेशकांनी त्याच्याविरुद्ध पत्रकं काढली आणि विरोधी वर्तमानपत्राने मतदारांना विचारलं की तुम्हाला देव आणि धार्मिक राष्ट्राध्यक्ष हवाय, की जेफरसन आणि देवच नाही असं हवंय. जेफरसनने त्याला जाहीर उत्तर दिलं नाही. माझा धर्म हा माझा आणि माझ्या देवाचा प्रश्न, ही त्याची आयुष्यभराची भूमिका. पण या १८२३ च्या पत्राची सुरुवातच तो अशी करतो की सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन हाच खरा नास्तिक होता, आणि तसा मी कधीच होऊ शकणार नाही. तेव्हा प्रकल्पात 'नास्तिक' लिहिलं तर शिक्षक गुण कापतील, आणि ते योग्यच असेल.

बायबल कापल्याची गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती नीट सांगण्यासारखी आहे. १८२० च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटलेल्या जेफरसनने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतली नव्या कराराची पुस्तकं घेतली, धारदार पात्याने उतारे कापले आणि कोऱ्या पानांवर शेजारी शेजारी चार स्तंभांत चिकटवले. चमत्कार वगळले, येशूची शिकवण ठेवली. डोंगरावरचं प्रवचन ठेवलं. त्याची प्रत येशूला पुरून थडग्याच्या तोंडावर धोंडा लोटल्यावर संपते, पुनरुत्थान त्यात नाही. हे त्याने छापलं नाही. त्याच्या नातवाने पुढे लिहिलंय की असं काही आहे हे घरच्यांना तो गेल्यानंतर कळलं, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तो त्यातून वाचायचा हेही एका मित्राला लिहिलेल्या पत्रातून समजलं. घरातल्या माणसांनाही माहीत नसलेलं रोजचं वाचन! मुलाला हे सांगा. ब्लेड त्याने पाहिलं, आता पात्याच्या दुसऱ्या बाजूला काय जपलं होतं तेही पाहू दे.

राहिला डार्विन. जेफरसनने हे पत्र लिहिलं तेव्हा डार्विन १४ वर्षांचा होता, श्रूजबरीच्या शाळेत शिकत होता. म्हणजे जवळजवळ तुमच्या मुलाच्याच वयाचा. त्याचं पुस्तक १८५९ मध्ये आलं. जेफरसन ४ जुलै १८२६ ला गेला, ॲडम्सही त्याच दिवशी गेला. मधे ३३ वर्षांचं अंतर आहे. ज्याने डार्विन वाचलाच नाही त्याला डार्विनविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही, आणि डार्विनच्या बाजूनेही करता येत नाही. १८२३ मध्ये शिकलेल्या, विचार करणाऱ्या माणसासमोर जिवांच्या नेटक्या घडणीचं दुसरं पटण्याजोगं उत्तरच नव्हतं. आपणही त्या काळात असतो तर हेच म्हटलं असतं.

मात्र एक गोष्ट आपल्याला पाहता येते. योजनेवरच्या आपल्या विश्वासाच्या उलट पुरावा समोर आला तेव्हा जेफरसन काय करत होता, हे त्याच्या कागदांत आहे. आणि माझ्या मते मुलाच्या प्रकल्पाचा गाभा तिथेच आहे.

व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, १७८० च्या दशकात, त्याने ठामपणे लिहिलं होतं की निसर्गाने प्राण्यांची एकही जात नष्ट होऊ दिल्याचं उदाहरण नाही, निसर्गाच्या साखळीतली एकही कडी तुटण्याइतकी कच्ची नाही. हे योजनेवरच्या श्रद्धेतूनच आलेलं होतं. घडवणारा परिपूर्ण असेल तर त्याने घडवलेली जात संपेल कशी? मग मॅमथची हाडं सापडतात त्याचं काय? तर मॅमथ जिवंत असणार, उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे, जिथे अजून कुणी गेलेलं नाही. १७९७ च्या मार्चमध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला तो फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा सोबत पश्चिम व्हर्जिनियातल्या एका गुहेतली मोठमोठी हाडं घेऊन गेला. नखं इतकी प्रचंड की सिंहाच्या कितीतरी पट मोठा कुणी हिंस्र प्राणी असावा असं त्याला वाटलं. त्याने त्याला 'मेगॅलोनिक्स' म्हणजे मोठ्या नखीवाला असं नाव दिलं. निबंध वाचायच्या आधीच दक्षिण अमेरिकेतल्या तशाच एका सांगाड्याची माहिती त्याला मासिकात दिसली आणि त्याने निबंधाला ताजा कलम जोडून शंका नोंदवली. पुढे निघालं की तो सिंह नव्हता. स्लॉथ नावाचा जो सुस्त प्राणी झाडाला उलटा लटकतो, त्याचा तो जमिनीवर राहणारा अवाढव्य नातेवाईक होता, कधीच नामशेष झालेला. आज त्याच्या शास्त्रीय नावात जेफरसनचं नाव आहे.

१८०३ मध्ये लुइस आणि क्लार्क यांना पश्चिमेकडे धाडताना दिलेल्या सूचनांमध्ये, दुर्मीळ किंवा नामशेष समजल्या जाणाऱ्या प्राण्यांची चौकशी करा असं त्याने लिहून दिलं. ते पॅसिफिकपर्यंत जाऊन आले. मॅमथ भेटला नाही. मग त्याने क्लार्कला केंटकीतल्या बिग बोन लिक या ठिकाणी हाडं काढायला पाठवलं आणि ती हाडं राष्ट्राध्यक्षांच्या घरातल्या मोठ्या दालनात मांडून ठेवली.

आता पुन्हा १८२३ च्या पत्रावर या. बाबांनी वाचलेल्या उताऱ्याच्याच पोटात जेफरसन कबूल करतो की प्राण्यांच्या काही जाती नष्ट झाल्या आहेत. ओळखीचे तारे नाहीसे झाले, नवे दिसू लागले. आणि तो पुढे म्हणतो की म्हणूनच सगळं विश्व हळूहळू विझून जाऊ नये यासाठी सांभाळणारी, पुन्हा उभं करणारी शक्ती असलीच पाहिजे. म्हणजे श्रद्धा त्याने सोडली नाही, पण जन्मभर धरून ठेवलेलं एक विधान सोडलं. हाडं खोटी आहेत असं तो म्हणाला नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर हे करणं किती अवघड असतं, ते मी आता माझ्या वयामुळे जाणते.

बाबा इंजिनिअर आहेत म्हणून त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. जिराफाच्या मेंदूपासून स्वरयंत्राकडे जाणारी एक नस आहे. अंतर तसं थोडं. पण ती नस मानेतून खाली छातीपर्यंत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा सगळी मान चढून वर येते. काही मीटरचा फेरा. आपल्यातही ती तशीच जाते, फक्त मान आखूड म्हणून फेरा लहान. बाबांना प्रेमाने विचारा, धरणाशेजारच्या गावाला पाणी द्यायला असा कालवा ते आखतील का? पण माशासारख्या पूर्वजापासून हळूहळू बदलत आलेल्या शरीरात हा वळसा लगेच समजतो. सुरुवातीला रस्ता सरळ होता, मग मान लांबत गेली आणि नस अडकून राहिली. उत्क्रांती कोऱ्या कागदावर आराखडा काढत नाही, आधी जे आहे त्यातच दुरुस्ती करत जाते. तुमच्या लॅबमधल्या बशीत हेच घडतं. औषधाने बहुतेक जंतू मरतात, योगायोगाने वेगळे असलेले थोडे उरतात, आणि त्यांचीच संतती बशी भरून टाकते. कुणी ठरवलेलं नसतं, तरी बघणाऱ्याला वाटावं की जंतूंनी बेत आखला.

हे समजल्यावर देव उरतो का, हा वेगळा प्रश्न आहे. हे नियमच ज्याने घातले तो देव, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले कित्येक उत्तम शास्त्रज्ञ आहेत. नियम नुसते आहेत, त्यांच्यामागे कुणी नाही, असं मानणारेही आहेत. तुमची बशी या दोघांत निवाडा करत नाही. म्हणून तर पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या सरकारी शाळांत विज्ञानाच्या तासाला योजनेचा सिद्धान्त विज्ञान म्हणून शिकवू नये, असा निकाल तिथल्या खटल्यात डिसेंबर २००५ मध्ये लागला. बाबा विचारतील तर एवढंच सांगा, फार लांबवू नका. घरातल्या श्रद्धेवर त्या निकालाने बोट ठेवलेलं नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत २९ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एकदा नैसर्गिक निवडीचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मुलाने हात वर केला. "बाई, मग विठोबाने काय केलं?" वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "ते देवळात विचार." त्या मुलाने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. उत्क्रांतीबद्दल मी जे शिकवलं त्यातला एक शब्द आज बदलणार नाही. पण त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. त्याने घरून आणलेली सगळ्यांत मौल्यवान वस्तू माझ्यासमोर ठेवली होती आणि मी ती वर्गाला हसायला दिली. तुमच्या मुलानेही 'माझ्यासारखा' म्हणताना काहीतरी मौल्यवान पुढे ठेवलं होतं. कदाचित ते बोलायची त्याची पहिलीच वेळ असेल. ते चुकीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवून बोलला, इतकंच.

तर मुलाला सांगा की तुझी शंका तुझी आहे, तिला राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. आणि बाबांनाही हेच, त्यांना झेपेल अशा शब्दांत. साठ वर्षं म्हटलेल्या रामरक्षेला मॉन्टिसेलोच्या प्रमाणपत्राने काय वजन येणार आहे? ती आधीच जड आहे.

बाबांशी बोलताना मात्र माझं नाव काढू नका, डार्विनचंही नको. त्यांना एक पत्र वाचायला द्या. १० ऑगस्ट १७८७ ला जेफरसनने पॅरिसहून आपल्या भाच्याला, पीटर कारला लिहिलेलं. पोरगा १७ वर्षांचा. त्याचा बाप, जेफरसनचा जिवलग मित्र, लवकर वारलेला. त्यामुळे मामावरच जबाबदारी. मामा लिहितो की देव आहे की नाही, हा प्रश्नसुद्धा धीटपणे विचार. कारण देव असेलच, तर डोळ्यांवर पट्टी बांधून घाबरत केलेल्या नमस्कारापेक्षा बुद्धीने केलेला नमस्कार त्याला जास्त आवडेल. या शोधाच्या शेवटाला भिऊ नकोस. देव नाही असं जरी तुला वाटलं, तरी चांगलं वागण्याची कारणं तुला चांगलं वागण्यातल्या सुखात आणि त्यामुळे मिळणाऱ्या लोकांच्या प्रेमात सापडतील. देव आहे असं वाटलं, तर त्याची नजर आपल्यावर आहे हीही एक प्रेरणा होईल.

मला हे पत्र ॲडम्सच्या पत्रापेक्षा मोठं वाटतं. स्वतःला कणाकणात कर्ता दिसत असताना, घरातल्या पोराला 'तुला तो दिसला नाही तरी तू माझाच आहेस' असं लिहून देणारा हा मामा आहे. बाबांना नातवासाठी काय करायचं हे कुणी सुनेने सांगू नये. ते पत्र सांगेल.

तुम्ही व्हर्जिनियात राहता म्हणून आणखी एक. जेफरसनच्या थडग्यावर त्याने स्वतः निवडलेल्या तीनच गोष्टी कोरल्या आहेत: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपद त्यात नाही. धर्मस्वातंत्र्याचा तो कायदा १७८६ मध्ये मंजूर झाला. आपले नागरी हक्क आपल्या धार्मिक मतांवर अवलंबून नाहीत, जसे ते भूमितीतल्या मतांवर नाहीत, असं त्यात म्हटलंय. मंजुरीच्या वेळी कुणीतरी त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची दुरुस्ती मांडली होती, ती मोठ्या बहुमताने पडली. आत्मचरित्रात जेफरसन समाधानाने लिहितो की यावरून या कायद्याचं छत्र कुणाकुणावर आहे ते सिद्ध झालं: ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाही धर्म न मानणारा. हिंदू हा शब्द त्याने तिथे लिहिलाय. आणि काहीच न मानणारा त्याच वाक्यात, अगदी शेजारी. तुमच्या घरातले आजोबा आणि नातू दोघेही त्या एका वाक्यात आहेत.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवली तर मी तुमच्या मुलाला फसवीन. विश्वाच्या प्रत्येक अणूत कौशल्य बघणाऱ्या या माणसाने आयुष्यात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. देव न्यायी आहे हे आठवलं की माझ्या देशासाठी माझा थरकाप होतो, असं त्यानेच गुलामगिरीबद्दल लिहिलं, आणि त्याच पुस्तकात काळी माणसं बुद्धीने कमी असावीत अशी शंकाही लिहिली. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केलं. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोत १३० माणसांच्या लिलावाची जाहिरात निघाली. मुलगा ज्या हिरवळीवर फिरून आला ती हीच जागा. किड्याच्या घडणीत त्याला कर्त्याचा हात दिसत होता, आणि आपल्या शेतात राबणाऱ्या माणसात त्याच हाताची खूण पाहून त्याप्रमाणे वागणं त्याला जमलं नाही. राजकीय नेत्याची श्रद्धा मोजायची असेल तर मी तिथे मोजते.

बाबा साताऱ्याचे, म्हणजे त्यांना जोतीराव फुल्यांबद्दल नव्याने सांगायला नको. फुल्यांचं मूळ गाव कटगुण त्याच जिल्ह्यातलं. फुलेही निर्माणकर्ता मानत होते, त्याला 'निर्मिक' म्हणत होते, आणि पोथ्यांतले चमत्कार तेही मानत नव्हते. ज्या थॉमस पेनच्या लेखनाने फुल्यांवर ठसा उमटवला, तो जेफरसनचा मित्र होता. पण फुल्यांनी निर्मिकापासून निघून सरळ माणसापर्यंत रेघ ओढली. त्याने सगळ्या स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं, तर एकाने दुसऱ्याला दाबायचा अधिकार आला कुठून? आणि विहीर खुली केली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. मुलाच्या प्रकल्पात याला जागा असलीच पाहिजे, आणि त्याला ते समजावून सांगणारा माणूस घरातच बसलाय. शाळेतल्या कुणाच्याच घरी असा माणूस नसेल.

आता तुमचं. तुम्ही दुटप्पी नाही. लॅबमध्ये तुम्ही जंतू कसे टिकतात हा प्रश्न विचारता आणि पुरावा म्हणेल ते लिहिता. सकाळी दिवा लावताना तुम्ही तो प्रश्न विचारतच नाही. तिथे तुम्ही आभार मानत असाल, आईची आठवण काढत असाल, नुसत्या दोन मिनिटं उभ्या राहत असाल. दुटप्पी तो, जो दिव्यासाठी लॅबचा अहवाल बदलतो, किंवा लॅबमधल्या लोकांना बरं वाटावं म्हणून दिवा लपवतो. मुलासमोर दिवा लावत राहा आणि त्याच्यासमोरच लॅबच्या गोष्टी सांगत राहा. एकच बाई दोन्ही करते हे त्याने रोज बघितलेलं बरं. माझ्या वर्गातल्या त्या माळकरी मुलाला अशी एखादी बाई दिसायला हवी होती.

करायचं असं. मुलाने आजोबांची माफी मागावी, मताबद्दल नाही, स्वराबद्दल. रामरक्षेची अट घालू नका. त्याला बसावंसं वाटलं तर आजोबांसाठी बसू दे, नाही वाटलं तर त्याच खोलीत गृहपाठ करू दे. दार बंद नसलं की पुरे. वडील तुमच्या यजमानांचे आहेत, तेव्हा पहिला शब्द त्यांनी काढावा. विषय सोडून देणं हे काम होत नाही. मग शनिवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसून घ्या आणि १८२३ चं पत्र छापून मधे ठेवा, पूर्ण, पहिल्या ओळीपासून. मुलाने मोठ्याने वाचावं आणि आजोबांनी मराठीत सांगावं. प्रकल्पाला मराठी भाषांतराची पुरवणी जोडली तर शिक्षकांना आवडेलच.

पहिलाच अडसर येईल तो 'डिझाइन' या शब्दाचा. योजना म्हणावं, की रचना, की घडण? पाटबंधारे खात्यात तर याला 'संकल्पचित्र' म्हणतात, आणि बाबांनी आयुष्यभर तीच तपासली असतील. चित्राच्या आधी संकल्प असावा लागतो, असं ते म्हणतील. मुलगा विचारेल की संकल्प नसताना नुसतं चित्र तयार होऊ शकतं का. या प्रश्नाला घाई करू नका. चहा ठेवा. आणि त्यांचा जो काही शब्द ठरेल, तो मला जरूर कळवा.